मिनी-सिरीज चित्रपटांच्या यादीत की कार्यक्रमांच्या? नोंद करण्याची माझी पद्धत

एका फिल्म सोसायटीच्या संग्रहाची नोंदवही गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. जुन्या टेप, डिस्क, आता हार्ड ड्राइव्ह. बहुतेक नोंदींना दोन मिनिटं पुरतात: नाव, दिग्दर्शक, वर्ष, भाषा, लांबी, झालं. मिनी-सिरीज हातात आली की मात्र पेन थांबतं. चार भाग, सहा भाग, एकच दिग्दर्शक, एकच गोष्ट, कॅमेरा आणि प्रकाश अगदी चित्रपटासारखा. मग हिला चित्रपट म्हणायचं की टीव्हीचा कार्यक्रम?

पहिली काही वर्षं मी हे मनाच्या कौलावर ठरवायचे. आवडलेली मिनी-सिरीज चित्रपटांत जायची, साधारण वाटलेली कार्यक्रमांत. ही पद्धत किती चुकीची आहे ते एका रविवारी कळलं. इंगमार बर्गमनच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’चा खेळ ठेवला होता. माझ्या वहीत त्याची एकच नोंद होती, चित्रपट म्हणून, लांबी 188 मिनिटं. कपाटातली डिस्क निघाली टीव्हीसाठी केलेल्या आवृत्तीची, 312 मिनिटांची. सभागृह साडेतीन तासांसाठीच मिळालं होतं. गोष्ट निम्म्याच्या थोडी पुढे गेली आणि दिवे लावावे लागले. साठेक माणसं शेवट न बघता घरी गेली. त्या रात्री मी वही उघडली आणि पद्धत नव्याने बसवायला घेतली. तीच इथे लिहिते. तुमचा संग्रह शंभर नावांचा असो किंवा पाच हजारांचा, पद्धत तीच चालते.

आधी प्रकार ओळखा

मिनी-सिरीज म्हणजे भागांची संख्या सुरुवातीपासून ठरलेली आणि शेवटच्या भागात गोष्ट संपणारी मालिका. 1977च्या जानेवारीत अमेरिकेत ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखवली गेली, तो याचा ठळक नमुना. तिच्या शेजारी तीन प्रकार उभे असतात आणि गोंधळ बहुधा त्यांच्यामुळेच होतो.

एक, टीव्हीसाठी केलेला चित्रपट: एका बैठकीत संपणारा, पण पहिल्यांदा दिसला छोट्या पडद्यावर. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ड्युएल’ 1971 साली असाच टीव्हीवर आला आणि नंतर लांबी वाढवून चित्रपटगृहांत गेला. दोन, भागांत प्रदर्शित झालेला चित्रपट. सर्गेई बोंदारचुकचा ‘वॉर अँड पीस’ सुमारे सात तासांचा, चार भागांचा. पण ते चारही भाग 1966 आणि 1967 मध्ये चित्रपटगृहांत लागले. भाग चार आहेत म्हणून त्याला मालिका म्हणणं चूक. ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ही तसाच, 2012 साली दोन भागांत लागलेला. तीन, एका छत्राखाली ठेवलेले स्वतंत्र चित्रपट. हा सगळ्यात अवघड प्रकार आहे, त्याच्याकडे पुढे सवडीने येते.

पहिला प्रश्न: लोकांपुढे आधी कुठल्या रूपात आली?

लांबी, दिग्दर्शकाचं नाव, चित्रीकरणाचा दर्जा, खर्च, हे सगळं बाजूला ठेवा. एवढंच शोधा: ही कलाकृती सर्वसामान्य प्रेक्षकापुढे पहिल्यांदा आली तेव्हा ती तिकीट काढून चित्रपटगृहात बघायची होती, की घरी भागाभागाने? पहिलं असेल तर चित्रपट. दुसरं असेल तर कार्यक्रम. दहांतल्या आठ नोंदी इथेच सुटतात.

यात एक अट मी अनुभवाने घातली आहे: महोत्सवातला खेळ धरायचा नाही. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरची ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ’ 1980 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. चौदा भाग, मिळून साधारण साडेपंधरा तास. तरीही ती जर्मन टीव्हीसाठी केलेली आणि तिथेच आठवड्यागणिक लोकांनी पाहिलेली मालिका आहे. माझ्या वहीत ती कार्यक्रम. ओलिव्हिए असायासची ‘कार्लोस’ 2010 साली कानच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवली गेली, साडेपाच तास, तीन भाग. फ्रान्समध्ये लोकांनी ती टीव्हीवर पाहिली. तीही कार्यक्रम. तिची चित्रपटगृहांसाठी केलेली छोटी आवृत्ती मात्र वेगळी नोंद, चित्रपट म्हणून.

आणि उलट उदाहरणही घ्या, कारण नियम दोन्ही बाजूंनी पाळला तरच तो नियम. मार्को तुलिओ जोर्दानाची ‘ला मेल्यो जोव्हेंतू’ इटालियन टीव्हीसाठी बनवली होती. सहा तास. 2003 साली कानमध्ये तिला ‘अं सर्तँ रगार’ विभागाचं पारितोषिक मिळालं, मग इटलीत ती तीन-तीन तासांच्या दोन भागांत चित्रपटगृहांत लागली आणि टीव्हीवर त्यानंतर आली. बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बघितलं तर ती मालिका. लोकांपुढे आधी कशी आली ते बघितलं तर चित्रपट. मी ती चित्रपटांत ठेवते आणि शेऱ्यात ‘मूळ निर्मिती टीव्हीसाठी’ असं लिहिते. हेतू शेऱ्यात जातो, वर्ग प्रदर्शनावरून ठरतो. हेतूवरून वर्ग ठरवायला गेलात तर प्रत्येक नावासाठी मुलाखती वाचत बसावं लागेल, आणि दिग्दर्शक दर मुलाखतीत वेगळं बोलतो.

दुसरा प्रश्न: जोड कुठे आहेत?

कधी पहिल्या प्रदर्शनाची माहिती हाताशी नसते, किंवा आजकाल होतं तसं सगळे भाग एकाच दिवशी ऑनलाइन येतात. तेव्हा प्रत्यक्ष प्रत बघा. प्रत्येक भागाला स्वतःची सुरुवातीची नामावली आहे का? शेवटची श्रेयनामावली प्रत्येक भागागणिक येते की फक्त अखेरीस? भागाला नाव आहे की नुसता क्रमांक? भागाचा शेवट गोष्टीतल्या एखाद्या वळणावर केलाय की मधेच, वाक्य तोडल्यासारखा?

भागांसाठी लिहिलेल्या पटकथेत प्रत्येक भागाला स्वतःची चढण आणि उतार असतो. बर्गमनचीच ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ बघा: 1973 साली स्वीडिश टीव्हीवर सहा भाग, प्रत्येकाला स्वतःचं नाव, प्रत्येकात लग्नाच्या आयुष्यातला एक पुरा प्रसंग. नंतर चित्रपटगृहांसाठी ती पावणेपाच तासांवरून पावणेतीन तासांच्या आसपास आणली गेली. दोन्ही लागोपाठ पाहिल्यात तर कळतं, छोट्या आवृत्तीत प्रसंग आहेत, पण दोन प्रसंगांमधला आठवडाभराचा श्वास नाही. टीव्हीवर पाहणाऱ्याला तो मिळाला होता. वर्गीकरणाची मला काळजी वाटते ती यासाठी. कार्यक्रम म्हणून नोंद केली की बघणारा ती भागाभागाने बघतो, आणि ती तशीच बघायला हवी.

एक फसवी खूण सांगते. भागांची संख्या स्वतः काही सिद्ध करत नाही. ‘दास बूट’ची टीव्ही आवृत्ती 1984 साली ब्रिटनमध्ये सहा भागांत दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी जर्मनीत तीन भागांत. तेच चित्रण, जोड वेगळे. म्हणून नोंदीत ‘सहा भाग’ एवढंच न लिहिता कुठल्या प्रसारणाचे किंवा कुठल्या डिस्कवरचे सहा भाग तेही लिहा.

दोन आवृत्त्या, दोन नोंदी

माझा तो रविवार याच चुकीने गेला, म्हणून इथे थोडी थांबते.

फिल्म अर्काइव्हच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फियाफने, 2016 साली सूचीकरणाची पुस्तिका काढली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: मूळ कृती, तिचं बदललेलं रूप, ते रूप ज्या प्रकारे प्रकाशित झालं तो प्रकार, आणि तुमच्या हातातली प्रत. घरच्या संग्रहाला चारही पायऱ्या लागत नाहीत. पण पहिली, दुसरी आणि शेवटची वेगळी ठेवलीत तर निम्मे वाद संपतात. ‘फॅनी अँड अलेक्झांडर चित्रपट की मालिका?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्नात दोन वस्तू आहेत. 1982 साली चित्रपटगृहांत लागलेली 188 मिनिटांची आवृत्ती चित्रपट आहे. चार ऑस्कर तिला मिळाले. 312 मिनिटांची आवृत्ती टीव्हीसाठीची आहे, ती कार्यक्रम.

आता माझ्या वहीत हे असं दिसतं. सर्वांत वर कृतीचं नाव आणि दिग्दर्शक. खाली ‘अ’: चित्रपटगृह आवृत्ती, 1982, 188 मिनिटं, वर्ग चित्रपट, कपाट क्रमांक. खाली ‘आ’: टीव्ही आवृत्ती, 312 मिनिटं, वर्ग कार्यक्रम, कपाट क्रमांक. आणि दोन्हींपुढे एकेक ओळ: ‘दुसरी आवृत्ती पाहा’. खेळ ठरवणारा माणूस नाव शोधतो तेव्हा त्याला दोन्ही दिसतात आणि कुठली हवी ते त्याला ठरवावंच लागतं. लांबी मी डिस्कच्या वेष्टणावरून लिहीत नाही. प्रत चालवून शेवटचं मिनिट बघते. वेष्टणं चुकतात. यात पाच मिनिटं जातात, पण साठ माणसांची संध्याकाळ वाचते.

‘दास बूट’च्या तीन नोंदी आहेत: 1981चा अडीच तासांचा चित्रपट, टीव्हीची सुमारे पाच तासांची आवृत्ती, आणि 1997ची जवळपास साडेतीन तासांची दिग्दर्शकाची आवृत्ती. पहिली आणि तिसरी चित्रपट, मधली कार्यक्रम. तिसरी आवृत्ती टीव्हीसाठी केलेल्या चित्रणातून बरंच काही घेते, तरी ती एका बैठकीत बघायला बांधली आणि तशीच प्रदर्शित झाली.

उलटा प्रवासही होतो. क्वेंटिन टारँटिनोचा ‘द हेटफुल एट’ 2015चा चित्रपट. 2019 साली त्याची वाढवलेली आवृत्ती नेटफ्लिक्सवर चार भागांत आली. कृती चित्रपटच राहते; चार भागांचं रूप तिच्याखाली पोटनोंद म्हणून जातं. बाझ लुहरमनच्या ‘ऑस्ट्रेलिया’चं तसं नाही. 2008च्या त्या चित्रपटाच्या चित्रणातून 2023 साली सहा भागांची ‘फारअवे डाउन्स’ तयार झाली. नाव नवं, न वापरलेलं चित्रण घेतलेलं, शेवट निराळा. इथे मी पूर्ण वेगळी नोंद करते आणि दोघांना उल्लेखाने जोडते. माझा ठोकताळा असा: नाव आणि शेवट दोन्ही बदलले तर नवी कृती, नाहीतर पोटनोंद.

छत्राखालचे चित्रपट

आता तो अवघड प्रकार. क्रिस्तोफ किस्लोवस्कीची ‘डेकलॉग’: पोलिश टीव्हीसाठी 1980च्या दशकाच्या शेवटी केलेले दहा भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. माणसं एकाच वसाहतीत राहणारी, पण प्रत्येक गोष्ट वेगळी आणि पुरी. इथे मी तिसऱ्या भागाची कसोटी लावते. पहिले दोन भाग न बघता कोणी तिसरा बघितला तर त्याचं काही हुकतं का? ‘डेकलॉग’मध्ये काहीच हुकत नाही. ‘रूट्स’मध्ये सगळंच हुकतं.

कसोटीवर उतरलेल्या कृतीसाठी मी एक छत्र-नोंद करते, वर्ग कार्यक्रम, आणि तिच्याखाली प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद, ‘टीव्ही चित्रपट’ म्हणून. पाचव्या आणि सहाव्या भागाच्या वाढवलेल्या, चित्रपटगृहांत लागलेल्या आवृत्त्या आहेत, ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’ आणि ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह’, दोन्ही 1988च्या. त्या सरळ चित्रपट. अशी नोंद केली की ‘मला पाचवा भाग हवाय’ आणि ‘मला तो चित्रपट हवाय’ असं म्हणणाऱ्या दोन माणसांना चुकून एकच डिस्क जात नाही.

स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘स्मॉल अॅक्स’ला मी याच रीतीने बसवलं. पाच कृती, पाचांना स्वतःची नावं, लांबी दोन तासांपासून तासाभरापर्यंत. त्यांतली ‘लव्हर्स रॉक’ 2020च्या न्यू यॉर्क चित्रपट महोत्सवाची सुरुवातीची फिल्म होती. पाचही बीबीसी वनवर त्याच वर्षी दाखवल्या गेल्या. लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांनी अख्ख्या संचाला वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं, तर एमीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांच्या, स्पर्धेत तो मर्यादित मालिका म्हणून उतरला. मला पाचही अतिशय प्रिय आहेत, आणि ‘टीव्ही चित्रपट’ लिहिताना हात जड झाला होता. मग लक्षात आलं, तो शब्द खालच्या दर्जाचा वाटतो तो माझ्याच कानाला. नोंदीत तो फक्त सांगतो की हे आधी कुठे दिसलं.

पुरस्कारांवरून वर्ग ठरवू नका

नवे लोक हमखास हेच करतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. पुरस्कार देणाऱ्या संस्था स्वतःच्या सोयीने रकाने करतात आणि ते बदलत राहतात. एमीने 2011 साली मिनी-सिरीज आणि टीव्ही चित्रपट एका रकान्यात घातले, 2014 साली पुन्हा वेगळे केले, 2015 साली ‘मिनी-सिरीज’ऐवजी ‘मर्यादित मालिका’ असं नाव केलं. ‘डाउन्टन अॅबी’ 2011 साली मिनी-सिरीज म्हणून जिंकली आणि पुढच्या वर्षी साध्या नाट्यमालिकांत गेली.

ऑस्करचं उदाहरण तर आणखी बोलकं. ‘ओ. जे.: मेड इन अमेरिका’ हा 467 मिनिटांचा माहितीपट पाच भागांत टीव्हीवर दाखवला गेला, त्याआधी तो थोडे दिवस चित्रपटगृहांत लागला होता. 2017 साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळाला आणि त्याच वर्षी अकादमीने नियम बदलून बहुभागी मालिकांना त्या स्पर्धेचं दार बंद केलं. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘चित्रपट’ येतं, पण मी तो कार्यक्रमांत ठेवते. पुरस्काराला पात्र होण्यासाठी केलेलं थोड्या दिवसांचं प्रदर्शन मी महोत्सवाच्या खेळासारखंच धरते. कोणी वेगळं ठरवलं तरी चालेल, मात्र जे ठरवाल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळ्यांना सारखं लावा.

आणि आपल्या जवळचं उदाहरण, ‘तमस’. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली. 35व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे 1987 सालासाठीच्या, तिला राष्ट्रीय एकात्मतेवरच्या कथापटाचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, सुरेखा सिक्रींना सहायक अभिनेत्रीचा आणि वनराज भाटियांना संगीताचा. चित्रपटांचेच पुरस्कार हे. पण देशभरच्या माणसांनी ‘तमस’ पाहिली ती 1988च्या सुरुवातीला दूरदर्शनवर, भागाभागाने, पुढच्या भागाची वाट बघत. पुढे ती सलग चार तासांहून लांब चित्रपट म्हणूनही दाखवली गेली. माझी नोंद: मूळ कृती कार्यक्रम, 1988, सलग आवृत्ती पोटनोंद, पुरस्कार शेऱ्यात, वर्षासह. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना हे पटलेलं नाही. ‘तमस’ला कार्यक्रम म्हणणं त्यांना अपमानास्पद वाटतं. त्यांचा आदर ठेवून मी चित्रपटांच्या यादीतही ‘तमस’ या नावापुढे ‘कार्यक्रम पाहा’ अशी ओळ घातली आहे. खरं तर ती ओळ प्रत्येक मिनी-सिरीजसाठी घालायला हवी. माणूस ज्या यादीत शोधेल तिथे त्याला काहीतरी सापडलं पाहिजे.

मिनी-सिरीज वाढली तर

‘बिग लिटल लाइज’ 2017 साली मर्यादित मालिका म्हणून आली आणि 2019 साली तिचा दुसरा सीझन आला. अशा वेळी जुनी नोंद खोडू नका. वर्ग कार्यक्रमच राहतो. उपवर्गात ‘मिनी-सिरीज’च्या जागी ‘मालिका’ लिहा आणि शेऱ्यात ‘पहिला सीझन मर्यादित मालिका म्हणून जाहीर’. सुरुवातीलाच कार्यक्रमांत ठेवलेलं असलं की एवढ्यावर भागतं. चित्रपटांत ठेवलेलं असलं तर सगळं उखडावं लागतं. मिनी-सिरीजबद्दल शंका असेल तेव्हा मी कार्यक्रमांकडे झुकते त्यामागे हेही एक कारण आहे.

संगणकावरच्या संग्रहासाठी

प्लेक्स, कोडी, जेलीफिन यांसारखी सॉफ्टवेअर चित्रपट आणि मालिका यांच्यासाठी वेगळी दालनं ठेवतात आणि माहिती बाहेरच्या सूचींमधून आणतात. आयएमडीबीवर मिनी-सिरीज टीव्हीच्या बाजूलाच असते, स्वतःच्या उपप्रकारात. तुम्ही सहा फाइल चित्रपटांच्या दालनात टाकल्यात तर सॉफ्टवेअर त्यांना सहा वेगळे चित्रपट समजेल किंवा एकाच चित्रपटाच्या सहा प्रती. तेव्हा मालिकांचं दालन, कृतीच्या नावाचा आणि वर्षाचा फोल्डर, आत पहिल्या सीझनचा फोल्डर, आणि प्रत्येक फाइलच्या नावात सीझन एक, भाग एक हा क्रमांक. मिनी-सिरीजला एकच सीझन असला तरी तो क्रमांक लिहावाच लागतो. सलग जोडलेली किंवा चित्रपटगृहाची आवृत्ती चित्रपटांच्या दालनात, आवृत्तीचं नाव फाइलच्या नावात घालून.

छत्राखालच्या चित्रपटांचं काय करायचं? बाहेरच्या सूचीत ते जसे असतील तसेच ठेवा, आणि तिथे ते वेगवेगळे चित्रपट असतील तर चित्रपटांच्या दालनात एक संच तयार करून त्याला छत्राचं नाव द्या. सॉफ्टवेअरशी भांडून माहिती हाताने भरत बसलात तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाऊ शकते. माझी चाळीस नावांची मेहनत अशी गेली आहे. तुमचं स्वतःचं मत तुमच्या वहीत किंवा तक्त्यात लिहा, तिथे ते कोणी पुसत नाही.

माझ्या तक्त्यात शेवटी आठ रकाने उरले: नाव, दिग्दर्शक, पहिलं प्रदर्शन कुठे आणि कधी, वर्ग, भाग किती आणि कुठल्या प्रतीचे, प्रत चालवून मोजलेली लांबी, जोडलेल्या नोंदी, शेरा. मिनी-सिरीज आली की मी आता तिसरा रकाना आधी भरते. तो भरेपर्यंत चौथ्याला हात लावत नाही. आणि खेळाच्या आदल्या संध्याकाळी सहावा रकाना उघडून सभागृहाच्या वेळेशी ताडून बघते.